पँट द्यायची, पण कोणत्या ऋतूची?

(मंडळीच्या वार्षिक कपडे-संकलनाआधी महिला संघ आणि तरुण संघाच्या एकत्र सभेत, मेळघाटात काम करणाऱ्या सेवकाने केलेले भाषण.)



पाळकसाहेबांनी मला बजावले होते, "अहवाल वाचू नकोस, तो अंकात छापून येतोच. लोकांच्या हाती काही उपयोगाचे दे." म्हणून आज मी पँटबद्दल बोलणार आहे. तरुण मंडळी हसताहेत, हसू द्या. पुढच्या महिन्यात तुम्ही घराघरांतून कपड्यांची गाठोडी गोळा करणार आहात, आणि तुमच्यातले काही जण जुलैमध्ये आमच्याकडे शिबिराला येणार आहेत. दोघांनाही पँटचा प्रश्न आहे. शिवाय माझे वडील परतवाड्याला शिंपीकाम करत. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला वारशाने मिळाला आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वीची जानेवारी होती. आमच्या वसतिगृहातली मुले पहाटे शेकोटीभोवती बसली होती. सातवीतल्या एका मुलाच्या अंगात निळी, चकचकीत ट्रॅक पँट होती. गाठोड्यातून आलेली, अगदी नवीकोरी. ती त्याला मीच निवडून दिली होती, कारण तो अभ्यासात पहिला आला होता. लाकूड तडकले, निखारा उडाला आणि त्याच्या पोटरीवर पडला. सुती कापड असते तर भोक पडले असते, मुलाने झटकले असते, विषय संपला असता. ही पँट वितळली आणि कातडीला चिकटली. घाबरून त्याने ती ओढली, तेव्हा कापडाबरोबर कातडीही आली. तालुक्याच्या दवाखान्यात तीन आठवडे ड्रेसिंग चालले. पाय बरा झाला, डाग राहिला. तो डाग दिसला की मला माझी निवड आठवते.

ज्यांनी ती पँट दिली त्यांनी प्रेमानेच दिली होती. शहरात ती चांगलीच पँट होती, सकाळी बागेत फिरायला उत्तम. चूक माझी. मी रंग पाहिला, नवेपणा पाहिला, कापड पाहिले नाही. शिंप्याच्या मुलाने कापड पाहू नये, म्हणजे काय म्हणावे!

तर आधी कापड ओळखायला शिकू या. शिलाईच्या आतल्या बाजूला जो जादा काठ सोडलेला असतो, तिथला एक धागा काढा. चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने चुरगळणारी मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते, आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी उरतो. नायलॉनही असेच वितळते. लोकर मात्र नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, आणि केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांची मिसळ. त्यात जळकट कागदाचा वासही येतो आणि मणीही राहतो. महिला संघाच्या भगिनींना ही परीक्षा पाच मिनिटांत जमेल. लहान मुलांना मात्र करू देऊ नका.

पॉलिएस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना वितळते. चुलीतला लाल निखारा त्याच्या दुपटीहून जास्त तापलेला असतो. आणि टेरिकॉट तर काही बाबतीत शुद्ध पॉलिएस्टरपेक्षाही वाईट. त्यातले सूत जळत राहते आणि वितळलेले पॉलिएस्टर गळून न पडता त्या सुतात धरून ठेवले जाते. कधी कुणाच्या अंगावर असे कापड चिकटलेच तर ओढू नका. वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार सोडा आणि चिकटलेल्या कापडासकट दवाखान्यात न्या. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मग पॉलिएस्टर बंदच करा. तसे नाही. मेळघाटात जून ते सप्टेंबर तुम्ही माझ्याबरोबर चाललात तर तुम्हीच मला पॉलिएस्टर किंवा नायलॉन मागाल.

पावसाळ्याचे गणित सांगतो. आमच्या वसतिगृहातल्या मुलाकडे दोन पँटी असतात. एक अंगावर, एक दोरीवर. आठ-आठ दिवस ऊन नसते. जाड सुती पँट वाळायला अडीच-तीन दिवस लागतात आणि तरी कंबरपट्टी आणि खिसे ओलेच राहतात. मुलगा रोज भिजतो. मग तो काय करतो? ओलीच घालतो. ओल्या कापडाने जांघेत काचते, सोलवटते, मग नायटा होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागतो आणि ऑगस्टमध्ये अर्धे वसतिगृह खाजवत बसलेले असते. मलम येते, मलम संपते, पण पँट ओलीच असते. मुले शाळा बुडवतात त्याच्या कारणांची यादी आम्ही एकदा मुलांनाच विचारून केली. त्यात "पँट वाळली नाही" हे उत्तर इतक्या वेळा आले की आम्हाला लाज वाटली.

सुती धागा पाणी आत ओढून घेतो. साध्या हवेतही सूत आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून असते. नायलॉन साधारण चार टक्के धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिएस्टर पिळले, झटकले, छपराखाली टांगले की सकाळपर्यंत घालण्याजोगे होते. पावसासाठी पातळ, घट्ट विणीची, आतून गुळगुळीत अशी नायलॉन किंवा पॉलिएस्टरची पँट सर्वांत बरी. दगडावर, काट्यावर घासून टिकण्यात नायलॉन पुढे, उन्हात टिकण्यात पॉलिएस्टर पुढे. काही पँटींच्या कापडावर बारीक चौकटी दिसतात, ठरावीक अंतरावर थोडा जाड धागा विणलेला असतो. त्याला रिपस्टॉप म्हणतात. काटा घुसला तरी फाट पुढच्या जाड धाग्यापाशी थांबते. महाग असते, पण शिबिराला येणाऱ्यांनी एक घेतली तर दहा वर्षे जाईल.

आणि तरुण मित्रांनो, जीन्स घालून येऊ नका. दरवर्षी पत्रात लिहितो, दरवर्षी निम्मे जण जीन्समध्येच उतरतात. मागे एकजण असाच आला. नाल्यातून मांडीएवढ्या पाण्यातून गेलो. जीन्स भिजली की तिचे वजन जवळजवळ दुप्पट होते, गुडघा वाकत नाही, चढ चढताना प्रत्येक पाऊल ओढावे लागते. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता नेते. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या घरात, तिथे जुलैच्या संध्याकाळी वारा सुटतो. पोरगा दात वाजवायला लागला, मग बोलणे तुटक झाले. आम्ही त्याला एका घरात नेले. घरच्या मावशींनी चूल पेटवली, काही न विचारता आपल्या माणसाचे कोरडे धोतर दिले. दोन तासांनी तो माणसात आला. भिजलेले, वारा लागलेले शरीर दहा-बारा अंशांतही धोक्यात येते, त्याला बर्फ लागत नाही. तो आता चांगला कार्यकर्ता आहे आणि जीन्सचा विषय निघाला की बाहेर जाऊन बसतो.

जीन्सला मी सर्वस्वी नावे ठेवत नाही. कोरड्या हवेत कष्टाच्या कामाला तिच्याएवढे टिकाऊ थोडेच काही असेल. तिची जन्मकथाही मजेची आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याची पँट फाटणार नाही अशी शिवून दे. पँट कापडात फाटत नाही, खिशाच्या कोपऱ्यात आणि चेनच्या तळाशी फाटते, हे डेव्हिसला कळले होते. घोड्याच्या झुलीला वापरायच्या तांब्याच्या खिळ्या त्याने तिथे ठोकल्या. पेटंटला पैसे नव्हते, म्हणून त्याने सान फ्रान्सिस्कोच्या कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉसला भागीदार करून घेतले. १८७३ साली पेटंट मिळाले. म्हणजे जगभर गाजलेली ही पँट एका कष्टकऱ्याच्या बायकोच्या तक्रारीतून आली. खिळ्या नसल्या तरी चालेल, पण गाठोड्यातली पँट हातात घ्याल तेव्हा त्याच जागा आधी बघा. खिशाची टोके, चेनचा तळ, आणि दोन पाय जिथे जुळतात तो जोड. तिथे चारही शिलाया एका ठिपक्यावर येतात. उकिडवे बसले की सगळा ताण त्याच ठिपक्यावर. आमची मुले दिवसातून पन्नास वेळा उकिडवी बसतात. वडील तिथे हिऱ्याच्या आकाराचा एक तुकडा जोडून देत, म्हणजे ताण वाटला जाई. गिऱ्हाईक म्हणे, हे कशाला? वडील म्हणत, उसने नाही देत, वर्षभराने सांगा. शिलाई उलटी करून पाहा. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून वरून दोन समांतर टिपा असतील तर ती पँट धुलाईला भीत नाही. नुसती ओव्हरलॉक असेल तर धागा एका ठिकाणी तुटला की सरसर उसवते.

पाऊस संपला की वेगळाच शत्रू येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत पिकते आणि कुसळे सुटतात. कुसळ ही छोटी भाल्यासारखी गोष्ट आहे, एकदा कापडात शिरली की चालताना पुढेच सरकते. ट्रॅक पँट, लेगिंग, फ्लीस अशी विणलेल्या फासांची कापडे म्हणजे कुसळांना आमंत्रण. एका पायवाटेवर दोनशे कुसळे लागतात आणि संध्याकाळचा तास ती काढण्यात जातो. घट्ट, गुळगुळीत, आडव्या-उभ्या धाग्यांच्या कापडावरून ती घसरून पडतात. त्याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा तडकतात. तिची लव पायाला लागली तर माणूस नाचतो. तेव्हा या दोन महिन्यांत पायघोळ, घोट्यापाशी आवळता येणारी ड्रिल पँट हवी. ड्रिल म्हणजे तिरप्या रेघा दिसणाऱ्या विणीचे घट्ट सुती कापड. जुन्या पोलिसांच्या, पोस्टमनच्या खाकी पँटी त्याच जातीच्या.

खाकीचे नाव निघाले म्हणून एक आडवाट घेतो. आपल्या मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मंगळूरला बाझेल मिशनने लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून विणकाम सुरू केले. तिथे जॉन हॅलर नावाचा विणकर मिशनरी १८५० च्या दशकात आला, आणि खाकीचा पक्का रंग त्याच्याच कारखान्यात तयार झाला असे सांगितले जाते. मातकट कपडे वायव्य सरहद्दीवरच्या पलटणींत त्याआधीच घातले जात होते, हे खरे. पण धुळीत न मळणारा, धुतल्यावर न उतरणारा रंग लागतो हे ओळखून तो विणमागापर्यंत नेणाऱ्यांत आपली माणसे होती. आम्ही मुलांसाठी आजही हाच रंग निवडतो. पांढरी पँट आमच्या मातीत दोन दिवसांत मातकट होतेच, मग आधीच मातकट का नको?

हिवाळ्याचे मी वर सांगितलेच. पहाटे गारठा, दुपारी ऊन. एकच जाड पँट देण्यापेक्षा सैल सुती पँट आणि आत घालायला पातळ लोकरी किंवा सुती पायजमा असेल तर दुपारी आतला काढून ठेवता येतो. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. त्यासाठी वरची पँट सैल हवी, घट्ट पँटीच्या आत हवा राहत नाही. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते आणि निखाऱ्याला लगेच पेट घेत नाही, म्हणून शेकोटीपाशी तीच चांगली. आपल्या धनगर बांधवांनी घोंगडी उगाच नाही खांद्यावर ठेवली. पाऊस, थंडी, अंथरूण, सगळ्याला एक. जुने लोकरी स्वेटर, शाली तुमच्याकडे असतील तर कसर लागलेली नाही ना एवढे पाहून जरूर द्या.

उन्हाळा थोडक्यात. धारणीच्या बाजूला मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो. तेव्हा सैल, फिक्या रंगाचे, मध्यम जाडीचे सूत. जे सूत पावसात खलनायक होते तेच आता उपकारी ठरते. घाम शोषते, तो हळूहळू उडतो आणि अंग गार राहते. मार्च-एप्रिलमध्ये लोक मोहाची फुले वेचतात, झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ करतात. पायाशी धग असते. तिथे चकचकीत नायलॉन नको. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला पहाटे काट्याझुडपांत शिरतात, तिथेही ड्रिलच.

भगिनींसाठी एक शब्द. आमच्या परिचारिका आणि शिक्षिका रोज आठ-दहा किलोमीटर चालतात. सलवार सुंदर दिसते, पण नाल्यात घेर भिजतो आणि पायात अडकतो. त्या आता कुर्त्याखाली सरळ पायाची पँट घालतात. त्यांची एकच तक्रार आहे, बायकांच्या पँटींना खिसे का नसतात? थर्मामीटर, पेन, मोबाइल ठेवायचा कुठे? मी बाजारात शोधले, मिळाले नाही. शेवटी पुरुषी पँटींच्या मापावरून शिवून घेतल्या. कोरकू वस्तीवर पहिल्यांदा जाताना काय घालावे हे मात्र तिथल्याच बायकांना विचारावे. आपण घरी बसून ठरवू नये. आमचे अंदाज पुष्कळदा चुकले आहेत.

आता गाठोड्यांकडे येतो. प्रेषितांच्या कृत्यांतली दुर्कस आठवा. ती गेल्यावर विधवांनी रडत रडत जे कपडे दाखवले ते तिने त्यांच्यासाठी केलेले होते. मला नेहमी वाटते, त्या बायकांची मापे तिला ठाऊक असणार. आमच्याकडे मात्र मागच्या वर्षी आलेल्या पँटींत एक तृतीयांश पँटी कुणालाच झाल्या नाहीत. कमर चाळीस, किंवा गुडघ्यावर फॅशनची भोके, किंवा इलॅस्टिक मेलेले. त्या आम्ही फडकी म्हणून वापरल्या. नेण्याचे भाडे कापडाच्या किमतीहून जास्त झाले.

म्हणून महिला संघापुढे एक विनंती ठेवतो. जुनी पँट द्यायची तर ती सुती असो, धड असो, आणि मुलाच्या मापाची असो. पॉलिएस्टरची धड पँट असेल तर तीही द्या, पण तिच्यावर "पावसाळा" अशी चिठ्ठी टाचा. आम्ही ती जूनमध्ये वाटू आणि ऑक्टोबरमध्ये परत पेटीत ठेवू. टेरिकॉट शाळेच्या गणवेशाला चालेल, शेकोटीला नाही, म्हणून तीही वेगळी बांधा. आणि जमले तर जुन्याऐवजी कापड द्या. प्रत्येक मुलाला एक पावसाळी पातळ पँट आणि एक ड्रिलची, एवढे आमचे लक्ष्य आहे. ड्रिल २२० ते २५० जीएसएमच्या दरम्यानचे घ्या, दुकानदाराला विचारले की सांगतो. त्याहून पातळ दोन वर्षे टिकत नाही, त्याहून जाड आमच्याकडे वाळत नाही. उजेडासमोर धरून पाहा, विणीतून खिडकी स्पष्ट दिसायला नको. वस्तीवर दोन शिलाई मशिनी आहेत आणि शिवणकाम शिकलेल्या चार मुली आहेत, त्यांना मजुरीही मिळेल.

कापणीआधी ड्रिल रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यायचे, हे मी त्यांना शिकवले आहे. सूत पहिल्या धुण्यात आटते. वडिलांच्या दुकानात हे न केल्याबद्दल मला एकदा थप्पड मिळाली होती.

मापांची यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे. मुलांची नावे नाहीत, फक्त इयत्ता, कमर, उंची आणि मांडीचा घेर. जे कुणी घरी शिवणार आहेत त्यांनी पायाला खाली तीन इंच दुमड ठेवावी, कारण मापे ऑगस्टमधली आहेत आणि आठवीतली पोरे जूनपर्यंत बांबूसारखी वाढतात. कमरेला इलॅस्टिक नको, नाडी घाला. इलॅस्टिक आमच्या उन्हात आणि उकळत्या धुण्यात सहा महिन्यांत मरते, आणि नाडी तुटली तर मुलगा स्वतः दुसरी ओवतो.